सील शाबूत होतं

संपादकांना माझ्याकडून प्रवासवर्णन हवं होतं. "आपल्या परभणीचा माणूस जगभरच्या लेखापालांच्या परिषदेला जाऊन आला. काय पाहिलं, काय खाल्लं, परदेशी पाहुणे कसे वाटले, असं हलकंफुलकं येऊ द्या. दिवाळीला लोकांना वाचायला बरं वाटतं," असं ते फोनवर म्हणाले. मी हो म्हणालो. हो म्हणायची मला सवय आहे. हा लेख त्या सवयीबद्दलच आहे आणि तो वाचून कुणाला बरं वाटणार नाही. छापायचा की नाही ते त्यांनी ठरवावं.

मी सनदी लेखापाल आहे. शहरात सीए म्हणतात, गावाकडे 'ऑडिटर सायब'. मूळचा वालूरचा, ऑफिस परभणीत स्टेशन रोडला एका मेडिकलच्या वर. आमच्या वस्तीतला मी पहिला सीए, त्यामुळे लोकांनी मला डोक्यावर घेतलं आणि मीही उतरायची घाई केली नाही. स्वभावाने मी कमी बोलणारा. या धंद्यात कमी बोलणाऱ्याला हुशार समजतात, त्यावर माझी बरीच वर्षं निभावली.

ऑडिट म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एका वाक्यात सांगतो. दुसऱ्याने लिहिलेलं खरं आहे का ते जाऊन पाहायचं आणि मग सही करायची. सगळा धंदा 'जाऊन पाहायचं' एवढ्यावर उभा आहे, आणि नेमकं तेच आम्ही करत नाही. सगळेच नाही असं म्हणायला हवं, नाहीतर माझे व्यवसायबंधू चिडतील. चिडू द्या.

राणीसावरगावकडे खताचे एक दुकानदार होते. गोदामात छतापर्यंत थप्प्या. मी नवा होतो, म्हणालो पोती मोजायची आहेत. ते म्हणाले, "मोजा की सायब. पर थप्पी हलवायला हमाल लागतेत. हमाली तुमी देणार का मी?" मी दारातूनच पाहिलं. थप्पी दिसत होती. सही केली. एका जिनिंगमध्ये कापसाच्या गंजीपाशी उभं राहून मी मालकाला विचारलं, कापूस किती क्विंटल असेल? तो हसून म्हणाला, "तुम्हाला कितीचा लिहायचाय?" हे किस्से मी पुढे लग्नकार्यात, जेवणाच्या पंगतीत रंगवून सांगायचो. लोक पोट धरून हसायचे. आज ते मला विनोदी वाटत नाहीत. आम्ही कसे झालो ते त्यातच आलं होतं.

आता पतसंस्थेकडे येतो. नाव लिहीत नाही. तालुक्याच्या गावी बाजारपेठेत तिचं ऑफिस आहे. आपल्याकडच्या कुठल्याही पतसंस्थेची पाटी पाहा, नावाखाली मोठ्या अक्षरात रंगवलेलं असतं, 'ऑडिट वर्ग अ'. हा 'अ' आम्ही देतो. ताळेबंद, थकबाकी, कारभार पाहून गुण द्यायचे आणि वर्ग ठरवायचा. अहवालाच्या मागच्या पानांत आम्ही दोषही लिहितो, संस्था 'दोष दुरुस्ती अहवाल' नावाचं एक बाड पाठवते, पुढल्या वर्षी तेच दोष पुन्हा लिहिले जातात. ती पानं कुणी वाचत नाही. पाटीवरचं अक्षर मात्र रस्त्यावरून जाणारी बाईसुद्धा वाचते आणि आत जाऊन पोत तारण ठेवते, नाहीतर भिशीचे पैसे जमा करते.

आणि आम्हाला नेमतं कोण? संस्थेची वार्षिक सभा. म्हणजे अध्यक्ष. ज्याची तपासणी करायची त्यानेच आम्हाला बोलवायचं, त्यानेच फी द्यायची आणि त्यानेच पुढल्या वर्षी पुन्हा बोलवायचं. या संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब. गोड माणूस. ऑडिटला गेलं की स्वतः वाढायला उभे राहायचे. "साळवे साहेब, अजून एक धपाटं घ्या. तुमच्या वहिनीनं खास तुमच्यासाठी केलंय." मॅनेजर त्यांचा सख्खा पुतण्या.

मंगल त्या संस्थेत माझ्या शब्दावर लागली. माझ्या मावशीची मुलगी. सेलूच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेली, वालूरलाच दिलेली, नवरा एका ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये मेकॅनिक. मी भाऊसाहेबांना म्हणालो, पोरगी हिशेबाला पक्की आहे. ते म्हणाले, "तुमचा शब्द म्हणजे झालंच." ती आधी लिपिक होती. रोखपालाची जागा बरेच दिवस रिकामी होती, तोवर तिजोरीच्या दोन्ही किल्ल्या पुतण्याकडेच होत्या. वास्तविक एक किल्ली मॅनेजरकडे आणि एक रोखपालाकडे असायला हवी, म्हणजे एकट्याला तिजोरी उघडता येत नाही. मार्च संपला, माझं ऑडिट झालं आणि त्यानंतर मंगलला रोखपाल केलं. पुतण्या म्हणाला मी फिरतीवर असतो, आणि दोन्ही किल्ल्या तिच्या हाती देऊन मोकळा झाला. तिने मला फोन केला होता. "दादा, दोन्ही किल्ल्या माझ्याकडं दिल्यात. लय इश्वास हाय त्यांचा." मी ऑडिटर होतो. दोन्ही किल्ल्या एका हातात असणं चूक आहे, हे सांगायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी म्हणालो, "चांगलं झालं. सांभाळून राहा."

हे दोन टप्पे वाचकांनी ध्यानात ठेवावेत. मार्चपर्यंत किल्ल्या पुतण्याकडे, त्यानंतर मंगलकडे. आणि मध्ये मी.

तारणाचं सोनं कसं ठेवतात तेही सांगतो. सराफ येतो, दागिना पारखतो, वजन करतो. दागिना कापडी पिशवीत जातो, पिशवीला चिठ्ठी लागते आणि तोंडाला लाख लावून सील होतं. ऑडिटरने काय करायचं? काही पिशव्या आपल्या मनाने निवडायच्या, सील तोडायचं, दुसऱ्या सराफाकडून पारखून घ्यायचं. आम्ही काय करतो? पिशव्या मोजतो आणि सील शाबूत आहे का ते पाहतो. कारण सील तोडलं की सराफाला परत बोलवावं लागतं, अर्धा दिवस जातो, आणि तिकडे धपाटी गार होत असतात. माझ्या गुरूंनीही मोजल्या, मीही मोजल्या, माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरांनीही मोजल्या. पिशवीच्या आत काय आहे हे पाहणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणं, असं आमच्यात मानतात. अविश्वास दाखवण्यासाठीच आपल्याला फी मिळते, हे विसरून.

त्या मार्चअखेरच्या तपासणीलाही मी तेच केलं. लिपिक म्हणून मंगल तिथेच होती. ट्रे काढून माझ्यापुढे ठेवत होती, मी पेन्सिलीने खुणा करत होतो. चहा आला, तो प्यायलो. एकही पिशवी उघडली नाही. अहवालात लिहिलं, तारण सोन्याची प्रत्यक्ष तपासणी केली, बरोबर आढळले.

परिषदेचं निमंत्रण त्यानंतरच्या हिवाळ्यातलं. जगभरातले हजारो लेखापाल आपल्याच देशातल्या एका महानगरात जमणार होते. नोंदणीची फी ऐकून मी जायचा विचार सोडला होता. भाऊसाहेबांना कुठून कळलं कोण जाणे. ऑफिसात येऊन त्यांनी टेबलावर पाकीट ठेवलं. विमानाचं तिकीट, नोंदणी, हॉटेल, सगळं. "आपल्या संस्थेचा ऑडिटर जगाच्या परिषदेत बसला पाहिजे. नाही म्हणू नका साहेब, घरचं समजा."

ज्याचे हिशेब तपासायचे त्याच्या पैशाने मी विमानात बसलो. पहिल्यांदाच. खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश होतो.

सोबत सतीश होता, परभणीचाच सीए, माझा जुना मित्र. तिथला थाट काय सांगू? सभागृह एवढं मोठं की व्यासपीठावरचा माणूस ठिपक्याएवढा, त्याचा चेहरा भिंतीएवढ्या पडद्यावर. गळ्यात फितीला अडकवलेलं ओळखपत्र. दारात मुली यंत्र घेऊन उभ्या, त्या ओळखपत्रावर यंत्र धरत, टिंग असा आवाज येई आणि हजेरी लागे. आम्हा लोकांना दर वर्षी ठरावीक तास शिकल्याचं दाखवावं लागतं. ते तास त्या टिंगने मिळतात. पहिल्याच सकाळी टिंग झाल्याबरोबर सतीशने माझा दंड धरला.

"चल."

"कुठं? भाषण सुरू व्हायचंय."

"हजेरी लागली ना? मग भाषण त्यांचं त्यांना करू दे की राव. खाली गाडी उभी हाय, सगळे समुद्रावर चाललेत. वहिनीसाठी साडी बी घे."

मी गेलो नाही, पण त्यात माझा मोठेपणा काही नाही, मला उन्हाचा त्रास होतो. वळून पाहिलं तर मागच्या कित्येक रांगा रिकाम्या. जगाच्या पाठीवरून आलेला एक म्हातारा प्राध्यापक खुर्च्यांना सांगत होता की तपासनिसाने जागेवर हजर असलं पाहिजे. आणि कागदोपत्री त्या सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या. ज्यांना स्वतःची हजेरी खरी लावता येत नाही, ती माणसं परत येऊन देशातल्या बँका, कारखाने आणि पतसंस्था खऱ्या आहेत असं लिहून देतात. हे लिहितानासुद्धा माझी कानशिलं तापतात.

दुपारच्या जेवणाला आफ्रिकेतून आलेले एक वयस्कर गृहस्थ माझ्या टेबलावर होते. खेड्यापाड्यांतल्या संस्था तपासणारे, माझ्यासारखेच. आपुलकीने विचारू लागले, तुमच्याकडे सोन्यावर कर्ज देतात म्हणे, ते सोनं तुम्ही तपासता कसं? मी त्यांना पुस्तकातलं सगळं सांगितलं. पिशव्या आम्ही निवडतो, सील आम्ही तोडतो, बाहेरचा सराफ आणतो. ते मान डोलावत राहिले, शेवटी माझा हात हातात घेऊन म्हणाले, तुमच्याकडून शिकण्यासारखं आहे. त्या माणसाशी खोटं बोलायची मला काहीएक गरज नव्हती. उगाच बोललो. पुढचं खोटं त्यामुळे सोपं गेलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसाहेबांचा फोन. सभागृहात होतो म्हणून घेतला नाही. मग संदेश आला. 'संस्थेत चाचणी लेखापरीक्षण लागले आहे. तुम्हाला एक मेल येईल. होय म्हणून कळवा. बाकी मी बघतो.' चाचणी लेखापरीक्षण म्हणजे ऑडिटचं ऑडिट. सहकार खात्याला शंका आली की खात्याचा अधिकारी येऊन पुन्हा तपासतो. काय झालं ते त्यांच्या पुढच्या संदेशांतून कळलं. पाथरीच्या एका बाईने कर्ज फेडून आपली पोत परत नेली होती. घरी जाऊन सोनाराला दाखवली तर पितळेवर सोन्याचं पाणी. तिने तक्रार केली, अधिकाऱ्यांनी पिशव्या उघडायला लावल्या, आणि एकामागून एक पितळच निघायला लागलं.

तेव्हा कुठे मला कळलं की मला विमानात का बसवलं होतं. खात्याचा माणूस येणार याचा भाऊसाहेबांना आधीच सुगावा लागला असणार. मी परभणीत असतो तर अधिकाऱ्याने मला समोर बसवून विचारलं असतं. समोर बसून खोटं बोलायला मला जमलं नसतं, हे भाऊसाहेबांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

थोड्या वेळाने अधिकाऱ्याचा मेल आला. दोनच ओळी. आपण मार्चअखेरच्या तपासणीत तारण सोन्याच्या पिशव्या उघडून पाहिल्या होत्या काय? कृपया तात्काळ कळवावे.

मी या प्रश्नाकडे पाहत बसलो. व्यासपीठावर एक परदेशी बाई बोलत होत्या, विषय होता विश्वास. खरंच तोच विषय होता, मी रचून सांगत नाही.

माझ्यापुढे दोन उत्तरं होती. 'नाही' म्हणालो तर पितळ मार्चच्या आधीपासून असू शकतं, म्हणजे किल्ल्या पुतण्याकडे असताना. पण मग माझा अहवाल खोटा, माझी सनद जाणार, स्टेशन रोडचं ऑफिस बंद. 'होय' म्हणालो तर मार्चमध्ये सोनं शाबूत होतं. म्हणजे चोरी त्यानंतरची. म्हणजे किल्ल्या मंगलकडे असतानाची.

याचा अर्थ त्या वेळी माझ्या लक्षात आला नाही, असं मी स्वतःला बरेच महिने सांगितलं. घरी बायकोलाही तसंच सांगितलं. ते खोटं आहे. मला हिशेब कळतो. पहिल्या क्षणाला कळलं होतं की या एका शब्दाने मी मावशीच्या लेकीला चोर ठरवतोय.

मी 'होय' लिहिलं आणि पाठवलं. तेवढ्यात बाईंचं भाषण संपलं, अख्खं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. मीही उभा राहिलो. सतीश त्या दिवशी शेजारी होता, त्याने फोटो काढला. मी टाळ्या वाजवतोय आणि हसतोय. संपादकांनी मागितलेल्या फोटोंत तो फोटो मी देणार नाही.

शेवटी श्रोत्यांना प्रश्न विचारायला माईक ठेवला होता. मी रांगेत जाऊन उभा राहिलो. काय विचारायचं होतं तेही ठरलं होतं: ज्याचा पगार खायचा त्याच्यावरच अविश्वास दाखवायचा, हे तुमच्या देशात कुणाला जमतं का? माझी पाळी आली. सूत्रसंचालक म्हणाले, थोडक्यात. मी म्हणालो, फार मोलाचं मार्गदर्शन झालं, आभार. आणि जागेवर येऊन बसलो.

संध्याकाळी सतीशला सगळं सांगितलं. तो हॉटेलच्या पलंगावर साड्यांच्या पिशव्या लावत होता.

"अरे, उघडतो कोण पिशव्या? तू उघडतो? मी उघडतो?"

"मंगलच्या अंगावर जाईल ते."

"बघ, तुझी सनद गेली तर तू तिला काय मदत करणार? राहिली तर चांगला वकील तरी लावून देशील." मग साडी उलगडून म्हणाला, "ही वहिनीला चालेल का? रंग भडक वाटायलाय."

एवढा सोयीचा सल्ला मला आयुष्यात कुणी दिला नव्हता. मी तो घेतला. साडीही घेतली.

परत आलो तोवर मंगलवर पोलिसात तक्रार झाली होती. तिला रोज ठाण्यात बोलवत, दिवसभर बाकड्यावर बसवत, संध्याकाळी सोडत. मी वकिलाचा फोन नंबर पाठवला. स्वतः गेलो नाही. मग एक दिवस तीच माझ्या ऑफिसात आली. हाताखालची पोरं बसली होती, त्यांना मी बाहेर पाठवलं. ती बसली नाही.

"दादा, ठाण्यातले सायब म्हणायलेत, तुमी पिशव्या उघडून बघितल्या व्हत्या."

मी टेबलावरचे कागद एका बाजूला केले.

"मीच ट्रे काढून देत व्हते की. च्यात साखर कमी हाय म्हणून तुमी परत पाठवला व्हता. आठवतंय का?"

"मंगल, तू बस आधी."

"बसायचंच काम करायलेय रोज, ठाण्यात. तुमी फक्त सांगा, उघडल्या व्हत्या का?"

"वकील काय म्हणतो?"

 तिने पर्स उचलली. "बरं. मग मलाच दिसलं नसंल. एवढा मोठा माणूस, परदेशातल्या लोकात बसून आलाय, तो कशाला खोटं बोलंल?" दारापाशी थांबून म्हणाली, "माझ्या सासूनं आता दागिने ट्रंकंत घातलेत, अन् किल्ली कमरंला लावलीय. माझ्यापासून जपायलीय. एवढं तुमच्या कानावर घालावं म्हणलं."

यानंतरही मी गप्प राहिलो. हे मुद्दाम लिहितोय, कारण अशा लेखांत माणूस लगेच सुधारतो. मी सुधारलो नाही. नोटिसा, विवरणपत्रं, शेवटच्या तारखा, सगळं चालू होतं. गिऱ्हाइकं विचारत, परिषद कशी झाली? मी सांगत असे, छान झाली. वालूरला जाणं तेवढं बंद केलं.

मला हलवलं ते संस्थेच्या वार्षिक सभेने. पश्चात्तापाने नाही, रागाने. मंडप घातला होता, भाऊसाहेब व्यासपीठावर, मी त्यांच्या शेजारी. विषयपत्रिकेत एक विषय होता: संस्थेचे लेखापरीक्षक साळवे यांनी आंतरराष्ट्रीय परिषदेत सहभाग घेतल्याबद्दल अभिनंदनाचा ठराव. मंजूर, मंजूर. मला शाल दिली, नारळ दिला. त्याच्या लागलीच खालचा विषय: रोखपाल मंगल यांना सेवेतून बडतर्फ करणे. मंजूर, मंजूर. तोच आवाज, तीच माणसं. खाली बसलेल्यांपैकी एकानेही विचारलं नाही की चोरी कशी झाली, कारण ऑडिटर स्वतः वर शाल पांघरून बसला होता. माझं तिथं बसणं हाच पुरावा होता. पुढचा विषय, पुढल्या वर्षासाठी लेखापरीक्षक म्हणून साळवे यांचीच नेमणूक. भाऊसाहेब माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "जेवून जा बरं का. धपाटी सांगितलीत."

मला वाटलं होतं ते मला घाबरत असतील. मी तोंड उघडलं तर त्यांचा पुतण्या आत जाईल, तेव्हा आपली थोडी तरी भीती असेल. त्यांच्या डोळ्यांत भीतीचा लवलेश नव्हता. त्यांनी मला ओळखलं होतं. माझी किंमत त्यांना ठाऊक होती, आणि ती किती कमी होती हे पाहून माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मी जेवलो नाही. शाल तिथेच राहिली की वाटेत पडली, आठवत नाही. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्याच्या ऑफिसात जाऊन समोर बसलो आणि लेखी दिलं की मी पिशव्या उघडल्या नव्हत्या, माझं आधीचं उत्तर खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे देताना मला माहीत होतं. अधिकारी तरुण होते. दोनदा वाचून म्हणाले, "साहेब, याचं तुम्हाला काय होईल माहीत आहे ना?" मला माहीत होतं. आम्हा सीए लोकांच्या संस्थेची नोटीस आली आहे, सहकार खात्याच्या लेखापरीक्षकांच्या नामतालिकेतून नाव निघालं आहे, सनदेचं काय ते ठरेल. ऑफिसातली पोरं दुसरीकडे गेली. सतीश आता रस्ता ओलांडून पलीकडून जातो. त्याचं बरोबर आहे, त्यानेही बऱ्याच पिशव्या मोजल्या आहेत.

पुतण्याची चौकशी सुरू झाली. मंगलला ठाण्यात बोलावणं थांबलं, पण नोकरी परत मिळाली नाही. मी तिच्या घरी गेलो. ती अंगणात कपडे वाळत घालत होती.

"मी लेखी दिलंय, मंगल."

"कळलं."

"तुझ्यावरचं किटाळ जाईल आता."

"कुठून जाईल? सरकारी कागदातून जाईल. इथून कसं जाईल?" ओल्या हाताने तिने गल्ली दाखवली. "इथं कुणी तुमचा कागद वाचणार हाय का? ज्यांनी चोर म्हणलं ते तुमच्या नावावर म्हणलं. ऑडिटर सायब सांगायलेत म्हणजे खरंच असंल, म्हणले. आता तुमीच सांगा त्यास्नी. मला काय सांगायलाव?"

म्हणून मी रविवारी वालूरच्या विहारात गेलो. वस्तीतली झाडून सगळी माणसं तिथे येतात. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाजच निघाला नाही. वंदना झाली, लोक उठायला लागले तेव्हा मी म्हणालो, थांबा, मला बोलायचंय. आयुष्यात भाषण केलेलं नाही. पिशव्या, सील, मेल, सगळं अडखळत सांगितलं. मंगल बायकांत मागे बसली होती. तिथून म्हणाली, "नाव घेऊन सांगा, दादा. कोण चोर न्हाई, ते नाव घेऊन सांगा."

"मंगल चोर नाही," मी म्हणालो. "खोटं मी बोललो."

तिची सासू शेजारी होती. तिने खाली पाहिलं. मंगलने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मला वाटलं झालं. मी बसणार तेवढ्यात आमच्या नात्यातले तुळशीरामकाका काठी टेकवून उठले. "म्हंजी सायब, तुमी न बघताच सही केली."

"हो."

"ह्या एकाच संस्थेत, का समदीकडंच?"

मागची माणसं पुढे सरकली. 

"बऱ्याच ठिकाणी," मी म्हणालो.

"मग त्यांची बी नावं सांगा की. इथं कुणाकुणाचं सोनं हाय, पैसा हाय."

मी मंगलकडे पाहिलं. का पाहिलं, माहीत नाही. ती म्हणाली, "सांगा."

मी एकेक नाव घेऊ लागलो. तिसऱ्या नावाला भिंतीजवळची एक बाई उठली, चपला तशाच सोडून दाराबाहेर गेली आणि पळत सुटली.

"थांबू नका," मंगल म्हणाली. "पुढचं सांगा."